तेरावा मनोरा

१

या गोष्टीतला शब्द न् शब्द खरा आहे. भाकरीची आणि मिठाची शपथ, आणि तेवढ्याने भागत नसेल तर माझ्या उरलेल्या चार दातांची शपथ. जो म्हणेल म्हातारी थापा मारते, त्याच्या ताटातल्या गोड कनाफ्यात साखरेऐवजी खडेमीठ पडो.

तर, मोठ्या ईदची चार दिवसांची सुट्टी संपली, रुश्दी बेगच्या साबणखान्याचा माळा उघडला, आणि तेरा मनोऱ्यांपैकी एक मनोरा जागेवर नव्हता.

मनोरा साबणाचा बरं का. खाली कढईत ऑलिव्हचं तेल आठवडाभर रटरटायचं. मग तो रांधा वर माळ्यावर नेऊन फरशीवर ओतायचा, कापायचा, मोगरीने शिक्के मारायचे आणि वड्या गोल रचायच्या. थरावर थर, दोन वड्यांमध्ये बोटभर फट, आत सगळं पोकळ. वर्षभर वारा खात उभं. आमच्या नाब्लुसचे मनोरे इतके उंच, की वरचा थर लावणाऱ्याला फरिश्त्यांची नवरा-बायकोची भांडणं ऐकू यायची. माझे सासरे त्या माळ्यावरचे रचणारे. शेवटच्या थरात ते एक वडी मुद्दाम उभी ठेवायचे. म्हणायचे, हा मनोऱ्याचा पहारेकरी. बाकीचे कारागीर हसायचे. सासरे गेले, तेव्हा त्यांची जागा आणि त्यांची खोड, दोन्ही आमच्या ह्यांच्याकडे आली. बारातले तीन मनोरे ह्यांच्या हातचे होते.

आणि तेरावा होता शाळेचा. रुश्दी बेगची आजी मोठी बाई. मरताना काझीसमोर लिहून ठेवलं, की दर वर्षी एक मनोरा मोठ्या शाळेला. तो विकायचा आणि वर्षाचे मास्तरांचे पगार द्यायचे. म्हणून त्या शाळेत भूमिती, तुर्की, नकाशे सगळं शिकवायचे, आणि हमालाच्या पोराकडून फी घ्यायचे नाहीत. फक्त एक अट होती. शाळा सलग महिनाभर बंद पडली, तर मनोरा पुन्हा बेगच्या घरात.

शाळेचा साबण वर्षभर वाळून पांढरा झाला होता. त्याच आठवड्यात विकायचा होता. मास्तरांना चार महिने दमडी मिळालेली नव्हती. आणि आता माळ्यावर धुळीत नुसतं गोल वर्तुळ उरलं होतं, उचललेल्या परातीखाली उरतं तसं.

दुपारच्या बांगेआधी शिपायांनी हेडमास्तरला धरलं. गुरुवारी काझी माळ्यावर येणार, पाहणी करणार आणि शाळेला कुलूप घालणार, असं ठरलं.

माझ्या सासूने हे ऐकलं तेव्हा ती कांदा चिरत होती. तिने सुरी पाटात रोवली.

"लबीब मास्तर चोर?" ती म्हणाली. "मग मी सुलतानाची सून."

२

माझ्या सासूचं नाव वसीला. हमामखान्यात बायकांना न्हाऊ घालायची. सगळं गाव तिला वसीलामावशी म्हणायचं. तिच्या हाताखालून न गेलेली पाठ नाब्लुसमध्ये नव्हती, आणि पाठ घासताना बाई काय काय बोलून जाते ते तुम्हांला अजून कळायचंय. ती उंचीला माझ्या खांद्याएवढी, पण रागावली की दारातून वाकून यावं लागायचं.

तिचा धाकटा, माझा दीर बद्री, त्या शाळेत शेवटच्या वर्गात होता. परीक्षेला आठ महिने होते. पास झाला तर तारखात्यात नोकरी, नाही तर खांद्यावर तेलाचा बुधला.

मसुराची आमटी घेऊन आम्ही दोघी कोठडीपाशी गेलो. लबीब मास्तर चष्मा पुसत बसले होते. एक काच तडकली होती.

"मास्तर, किल्ली तुमच्याकडे होती?"

"मावशी, माळ्याला दोन कुलपं. एक किल्ली बेगची, एक शाळेची. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. शाळेची बेगने ईदच्या आदल्या दिवशी मागून नेली. छत गळतंय म्हणाला, दुरुस्ती करायचीय. ईद झाल्यावर परत दिली."

"हे तुम्ही सांगितलं नाही?"

"तीनदा सांगितलं. ठाणेदार म्हणतो, बेगसाहेब नाही म्हणतात. झालं. आणि मावशी, तो साबण न्यायला पंचवीस उंट लागतात. मी मागच्या वर्षी ईदला एक गाढव भाड्याने घेतलं, तर खर्चापायी बायको आठ दिवस बोलली नव्हती."

सासू हसली नाही. "पाच महिने आभाळातून थेंब पडलेला नाही," ती म्हणाली. "आणि ह्याचं छत गळतंय."

निघताना मास्तरांनी हळूच विचारलं, "मावशी, मुलं काय करतायत?"

"गल्लीत गोट्या खेळतायत. आणि बेगचा मुकादम दारोदार फिरतोय. म्हणतो, पोरं रिकामी आहेत तर कामाला पाठवा."

मास्तरांनी आमटीचं भांडं खाली ठेवलं. खाल्लीच नाही.

३

सोमवारी हमामखान्याची टोपली आली. ईद झाली की पहिल्या सोमवारी साबणखान्यातून महिन्याचा साबण यायचा, हा बेगच्या आजीच्या काळापासूनचा रिवाज. आम्हांला कच्चा साबण मिळायचा, अर्धा वाळलेला, हिरवट, स्वस्तातला. सकाळी कुंडापाशी ठेवलेली वडी दुपारी चिखल. साबणखान्यातला पोऱ्या दाराजवळच्या मनोऱ्याला शिडी लावायचा, पहारेकरी असला तर तो सोडून वरच्या वड्या काढायचा, टोपलीत भरायचा. मालकाला त्यातलं काही ठाऊक नसायचं. मालक कधी टोपली उचलतात का?

त्या दिवशी पहिल्यांदा कोतवालाची बायको बोलली. "वसीलामावशी, आज फेस बघा कसा आलाय. नवरीला लावावा असा."

सासूने वडी हातात घेतली. पांढरी. हलकी. नखाने ओरखडली, तर भुगा पडला. संगमरवराच्या ओट्यावर आपटली. टक. लाकडासारखा आवाज. मग कोपऱ्यातून मागच्या महिन्याची उरलेली वडी आणली, ती आपटली. थप. ओल्या कणकेसारखी.

पुन्हा पहिली. टक.

सगळ्या बायका ओट्याभोवती गोळा झाल्या.

"रुश्दी बेग," सासू म्हणाली, "ज्याची सावली तुमच्या भिंतीवर पडली तर तिचं भाडं मागेल, तो माणूस आपल्याला वर्षभर वाळवलेला साबण कच्च्याच्या भावात देतोय."

"दान करत असेल," कुणीतरी म्हणालं.

"मग उद्या मांजर उंदरांसाठी पाणपोई घालेल."

त्या माळ्यावर वर्षभर वाळलेला मनोरा एकच होता. आणि तो तर चोरीला गेला होता.

४

साबणखान्याच्या एकुलत्या एका दाराशी अबू खलफ बसायचा. एक डोळा काचेचा, पण खऱ्या डोळ्यापेक्षा तोच जास्त बघायचा. रात्री तो डोळा काढून दाराच्या खिळ्यावर टांगायचा, आणि चोर परत जायचे.

"अबू खलफ," सासूने त्याला अंजीर दिले, "ईदच्या चार दिवसांत इथून काय काय बाहेर गेलं?"

"माझ्या मेलेल्या आईची आण, एक वडीसुद्धा नाही. मी जागचा हललो नाही. ईदच्या सकाळी आणि चौथ्या संध्याकाळी नमाजाला गेलो, तेवढाच."

"आणि आत?"

"आत कोण जाणार? सुट्टी होती." त्याने अंजीर तोंडात टाकला. "बेगसाहेब तेवढे यायचे. रोज दुपारी. छताचं काम बघायला."

"रिकाम्या हाताने?"

"नाही, परात असायची. कनाफ्याची. देवाने मालकाला भूक मोठी दिलीय बघ. जाताना परात चाटूनपुसून रिकामी."

"केवढी परात?"

त्याने दोन्ही हात पसरले. कढई झाकता आली असती.

सासूने माझ्याकडे पाहिलं. ती परात एका माणसाची नव्हती. ईदच्या सकाळी अबू खलफ नमाजाला गेला तेव्हा चारपाच माणसं आत शिरली, चार दिवस माळ्यावर राबली, जेवली, झोपली, आणि चौथ्या संध्याकाळी तशीच बाहेर पडली. साबण बाहेर गेलाच नव्हता.

घरी येताना मी बाजारातून कनाफा घेतला. आमच्या ह्यांना कनाफा इतका प्रिय, की लग्नात माझ्याआधी त्यांनी कनाफ्याकडे पाहिलं होतं. ईदला दोन दिवस बहिणीच्या गावी जाऊन येतो म्हणून गेले ते चौथ्या दिवशी उगवले होते. म्हटलं, खूश होतील.

ताट पुढे केलं. ह्यांनी ते बोटाने मागे सारलं.

"नको. वासाने मळमळतं."

सासू चुलीपाशी होती. तिचा हात भांड्यावर थांबला. त्या घरात वसीला गप्प बसली, ही मी पाहिलेली पहिलीच वेळ.

५

दुसऱ्या दिवशी ती तडक साबणखान्यात गेली. बायकांनी तिथे पाऊल टाकायचं नाही, असा रिवाज. तिने हमामखान्याची टोपली डोक्यावर घेतली, मला मागे घेतलं आणि अबू खलफला म्हणाली, "साबण खराब निघालाय. बदलून हवाय. अडवलंस तर तुझ्या बायकोची पाठ आयुष्यात घासणार नाही." अबू खलफने दोन्ही डोळे मिटले.

माळ्यावर रुश्दी बेग होता. अत्तर, चांदीची छडी, आणि बोटं अशी, की त्यांनी कधी स्वतःचा जोडाही काढला नसेल.

"काय गं वसीला? साबणाची तक्रार?"

"तक्रार कसली, बेगसाहेब. फार चांगला निघाला."

त्याने छडी एका हातातून दुसऱ्यात घेतली. मग हसला. "तुझा धाकटा घरी बसलाय म्हणे. पाठव इकडे. खांदे रुंद आहेत त्याचे."

"त्याला शिकायचंय."

"शिकून? हे बघ, मावशी, तुझा नवरा शिकला होता? तुझा थोरला शिकलाय? आणि कसे मनोरे रचतात, वा. हमालाच्या पोरांना त्रिकोण शिकवले, तर तेल कोण वाहणार? त्रिकोण? माझ्या आजीला म्हातारपणी पुण्याची हाव सुटली, त्याचे पैसे मी भरतोय." छडीने त्याने फरशीवरच्या वर्तुळातली धूळ उडवली. "तुझ्या थोरल्याला पुढच्या महिन्यात मुकादम करणार आहे. कळलं ना? तोंड जरा सांभाळ."

मला वाटलं, सासू आता टोपली त्याच्या डोक्यात घालते. तिने तर मान वर केली होती. ती मनोऱ्यांकडे बघत होती, थेट वर, छताखालच्या अंधारात. मीही बघितलं.

बाराही मनोरे जरा जरा वाढलेले होते. पाच पाच थर. खाली हिरवट, वर पांढरे. तिथवर नजर कोण नेतो? थर मोजतात ते विकताना.

आणि बाराही मनोऱ्यांच्या डोक्यावर एक एक वडी उभी होती.

६

त्या संध्याकाळी सासूने स्वयंपाक केला नाही. ओसरीवर बसून राहिली. मी शेजारी बसले.

"माझ्या नवऱ्याने त्याला खेळ म्हणून शिकवलं होतं," ती म्हणाली. "पाच वर्षांचा होता. लपवाछपवी करतानासुद्धा हात तेच करून गेला बघ. हाताला अक्कल नसते, सवय असते."

"त्यांना माहीत नसेल, सासूबाई. बेगने काहीतरी सांगितलं असेल."

"रचताना माहीत नसेल. पण मास्तरला धरलं तेव्हा? गेले सहा दिवस तो माझ्या हातची भाकरी खातोय, आणि त्याच्या भावाला अक्षर शिकवणारा माणूस कोठडीत बसलाय." तिने पदराने नाक पुसलं. "मी उद्या सांगितलं तर थोरल्याचं काम जाईल. गावातला एकही साबणखाना त्याला उभा करणार नाही. नाही सांगितलं तर धाकट्याचं जाईल. आणि एकट्या धाकट्याचं नाही, एकशेचाळीस पोरांचं. आई म्हणून मला काय निवडायला लावलंय बघ त्या अत्तराच्या बुधल्याने."

मी ह्यांच्याशी बोलू का, असं विचारलं.

"नको. त्याला संधी द्यायचीय. स्वतःहून बोलायची."

गुरुवारी काझी आले, ठाणेदार आला, शाळेचे पंच आले. लबीब मास्तरांना दोरीने बांधून आणलं. आणि त्यांच्या मागून जिना चढून साठ बायका आल्या, काळ्या चादरीत, कोतवालाची बायको सगळ्यांत पुढे. ठाणेदार अडवायला निघाला, तर त्याची स्वतःची आई त्यात होती.

सासू काझींपुढे गेली. "काझीसाहेब, शाळेचा साबण इथेच आहे. मला एक मोगरी द्या आणि शिडी."

तिने शिडी लावायला लावली. वरच्या थरातली एक वडी उतरवली, खालच्या थरातली एक ओढली. मोगरी मारली. टक. थप. दुसरा मनोरा. टक. थप. सहाव्या मनोऱ्यापाशी काझींनी हात वर केला आणि स्वतः मोगरी घेतली. म्हातारा माणूस, पण शेवटच्या मनोऱ्यापर्यंत थांबला नाही.

"वर्षभर वाळलेला आणि महिन्याचा," ते म्हणाले. "आंधळ्यालाही कळेल."

रुश्दी बेगने टाळी वाजवली. खरंच वाजवली.

"मग सापडला की! चोरी झालीच नाही. कुणी हलवला मला काय ठाऊक? मास्तरकडे किल्ली होती. माणसं लावून लपवला असेल, पुढे हळूहळू विकायला. शाळा अशा माणसाच्या हाती द्यायची का, ते पंचांनी ठरवावं."

पंचांनी माना डोलावल्या. बघा, साबण समोर होता, आणि तरी माना डोलत होत्या. कारण बेगच्या आमंत्रणाचं मटण त्यांच्या पोटात होतं. अजून आठवलं की माझे कान तापतात. खोटं बोलणाऱ्याचा मला एवढा राग नाही, मीही बोलते. माना डोलावणाऱ्यांचा आहे.

सासू वळली. कारागीर भिंतीला ओळीने उभे होते.

"बारा मनोरे," ती म्हणाली. "बारांवर उभी वडी. हा हात कुणाचा आहे?"

कुणी हललं नाही. माळ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सासूचे ओठ हलत होते, पण नाव फुटत नव्हतं.

आणि मग आमचे हे भिंतीपासून दोन पावलं पुढे आले.

"माझा," ते म्हणाले.

७

सगळं सांगितलं त्यांनी. बेगने बोलावलं, डोंगरापलीकडचे चार मजूर दिले, दार बाहेरून लावलं. म्हणाला, शाळेच्या मनोऱ्यावर छत गळतंय, वड्या इतरांवर चढवून ठेव, वाच्यता नको, मुकादम करतो. रचून झालं तेव्हा कळलं, की छत कोरडं आहे. आणि मास्तरांना धरलं तेव्हा जीभ टाळूला चिकटली.

"चिकटली?" लबीब मास्तर म्हणाले. दोरी अजून हाताला होती. "तुझ्या भावाला मी बारा देशांच्या राजधान्या पाठ करून घेतल्या. तुला एक वाक्य जमलं नाही?"



बेगचं काय झालं विचाराल, तर सांगते, काही झालं नाही. गैरसमज झाला म्हणाला. कॉफी आली. काझींनी फक्त एवढं लिहून घेतलं, की माळ्याच्या दोन्ही किल्ल्या यापुढे शाळेकडे. मास्तर सुटले. शनिवारी शाळा उघडली, आणि पहिला तास माळ्यावर भरला. एकशेचाळीस पोरं रांगेत उभी राहिली, हातोहात वड्या खाली आल्या, प्रत्येक वडी टक की थप ते ठोकून पाहिलं, आणि तेरावा मनोरा पुन्हा आपल्या वर्तुळात उभा राहिला. पंधरा दिवसांत विकला गेला. साठ बायकांनी वर्षभर शाळेच्या साबणाखेरीज रुश्दी बेगचा साबण अंगाला लावला नाही. त्याच्या बायकोनेसुद्धा. हमामखान्यात ती आमच्याकडून मागून घ्यायची.

ह्यांचं काम त्या गुरुवारीच गेलं. गावात कुणी उभं केलं नाही. लबीब मास्तरांनी शाळेत घंटा वाजवायला ठेवलं. तिथे खिडकीबाहेर बसून ह्यांनी अक्षरं गिरवली, दिराच्या जुन्या पाटीवर. सासू एकाच घरात राहून दीड वर्ष त्यांच्याशी बोलली नाही. "तुझ्या नवऱ्याला सांग, भाकरी गार होतेय," असं मला सांगायची. हे शेजारीच बसलेले असायचे.

आणि आता मी माझ्या चार दातांची शपथ घेतलीच आहे, म्हणून सांगते. काचेचा डोळा खरा, साठ बायका खऱ्या, फरिश्त्यांची भांडणं मी स्वतः ऐकली. एकच गोष्ट मी रचली.

ती दोन पावलं.

हे पुढे आले नव्हते. खाली फरशीकडे बघत उभे होते. सासूचा आवाज फुटत नव्हता. काझी मोगरी ठेवून जिन्याकडे वळले होते, ठाणेदाराने मास्तरांची दोरी ओढली होती. तेव्हा त्या साठ चादरींमधून एक आवाज आला. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, घरात नाही, मग चारचौघांत तर दूरच. मी अठरा वर्षांची होते. इतकी चिडले होते, की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

ते गेल्याला सात वर्षं झाली. मेलेल्या माणसाला दोन पावलं दिली तर कुणाचं काय जातं, म्हणून देत आले. त्यांनी मला कधी त्याबद्दल विचारलं नाही, आणि मीही पुन्हा कधी ते नाव घेतलं नाही.

मी म्हणाले होते, "मुस्लिह."